वेटरचा पगार कोणाच्या खिशातून?

किनाऱ्यावरच्या हॉटेलात गोव्याच्या माणसाला कोणी विचारत नाही, ही तक्रार फोंड्यापासून पेडण्यापर्यंत कुठेही ऐकायला मिळते. रविवारी पोराबाळांना घेऊन कळंगुट-बागाला जावं, टेबल धरून बसावं, आणि मेन्यूकार्ड यायलाच पंधरा मिनिटं लागावीत. शेजारी मागाहून आलेल्या दिल्लीच्या घोळक्यापुढे मात्र पाण्याच्या बाटल्या, बर्फ, मसाला पापड सगळं हजर. मग परतताना गाडीत चर्चा रंगते ती परप्रांतीय वेटर, परप्रांतीय मालक आणि आपल्याच गावात परके झालेलो आपण, यांची. या चर्चेत तथ्य नाही असं नाही, पण दुखणं दुसरीकडे आहे. आपली कोकणी-मराठी कळत नाही म्हणून वेटर आपल्याकडे उशिरा येतो असं मुळीच नाही. त्याला अनुभवाने ठाऊक असतं, की हे गोंयकार कुटुंब चार फिश थाळ्या आणि एक रवा फ्राय इसवण (सुरमई) घेऊन तासाभरात उठणार, आणि बडीशेपेच्या बशीत वीसची नोट ठेवणार. तीही कधी कधी. दिल्लीकर सूर्यास्तापर्यंत बसणार, बिल पाच आकड्यांत जाणार, आणि उठताना पाचशेची नोट सोडणार. वेटरचा हिशेब चुकीचा नाही. असा हिशेब मांडत बसायची पाळी त्याच्यावर आणली कोणी, ते बघायला हवं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. द्यावीशी वाटली तर टिप जरूर द्यावी, मीही देतो. पण गिऱ्हाइकाने ती दिलीच पाहिजे, न देणारा कंजूष, आणि तिच्या भरवशावर वेटरची नोकरी ठरणार, ही जी रीत आपल्याकडे हळूहळू मुरत चालली आहे ती मोडायला हवी. ज्याने माणूस कामाला ठेवला त्याने त्याचा पगार द्यावा, हा व्यवहार इतका सरळ आहे की इतर ठिकाणी तो कोणी समजावून सांगत नाही. कापडाच्या दुकानातला माणूस आपल्यासमोर चाळीस साड्या उलगडतो, पदर दाखवतो, आपण ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून उठलो की हसतमुखाने पुन्हा घड्या घालतो. साडीच्या किमतीवर दहा टक्के त्याच्या हातावर ठेवावेत असं कोणाच्या मनातही येत नाही. त्याचा पगार साडीच्या किमतीत आला, असं आपण धरून चालतो. थाळीच्या किमतीत मात्र तांदूळ येतो, मासळी येते, गॅस येतो, जागेचं भाडं येतं, मालकाचा नफा येतो, आणि ताट आणून ठेवणारा माणूस तेवढा वगळला जातो. का, ते कोणी सांगत नाही.

टिपेच्या बाजूने नेहमीचा मुद्दा असा, की तिच्यामुळे सेवा सुधारते. चांगलं वाढणाऱ्याला जास्त, वाईट वाढणाऱ्याला कमी. कागदावर हे छान दिसतं. गोव्यात पुढे काय होतं बघा. टिप मिळते जेवण झाल्यावर आणि सेवा द्यायची असते त्याआधी. पर्यटक तर आयुष्यात पुन्हा त्या टेबलावर येण्याची शक्यता नाही. तेव्हा कोण किती देईल याचा अंदाज वेटरला गिऱ्हाईक दारातून आत येतानाच बांधावा लागतो. कातडीचा रंग, कपडे, बोलण्याचा सूर, बाहेर लावलेली गाडी. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची जीप दिसली की एक अंदाज, गोव्याच्या जीए पाटीची जुनी घरगुती मारुती दिसली की दुसरा. गोरा पाहुणा पहिला, मुंबई-दिल्ली दुसरी, आणि गावचं कुटुंब शेवटी. हा भेदभाव वेटरच्या मनातल्या खोटेपणातून येत नाही. मिळकत ज्याच्या खुशीवर, त्याच्याभोवती माणूस घुटमळणारच. आपल्याला दुय्यम वागणूक मिळते म्हणून चिडणाऱ्या गोंयकाराने टिपेची रीत उचलून धरणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं आहे.

या अंदाजबाजीची आणखी एक बाजू आहे. तिच्याबद्दल पुरुष मंडळी फारशी बोलत नाहीत. किनारपट्टीवरच्या हॉटेलांत आता ईशान्येकडून आलेल्या मुली मोठ्या संख्येने वाढायला असतात. तिसऱ्या बिअरनंतर एखादं टेबल तिला नाव विचारतं, गाव विचारतं, सेल्फीसाठी खांद्यावर हात टाकतं. पगार मालकाकडून मिळत असता तर ‘हात काढा’ म्हणायला तिला फार विचार करावा लागला नसता. पण रात्रीचे दोनशे-तीनशे त्या टेबलाच्या मर्जीवर असतात, आणि ते टेबलाला पक्कं माहीत असतं. पाहुण्याने पैसे खुशीने दिले आणि तिने हसून घेतले, इतकंच बाहेरून दिसतं.

आता कायदा. या विषयावर कायदा अगदीच मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलने बिलात सेवाशुल्क आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावाने वसूल करायचं नाही, न देणाऱ्याला प्रवेश वा सेवा नाकारायची नाही, आणि ते बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी आकारायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, महिना संपायच्या आत स्थगिती मिळाली, आणि पावणेतीन वर्षं घोंगडं भिजत पडलं. २८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा सिंग यांनी सूचना वैध ठरवल्या, याचिका फेटाळल्या, वर प्रत्येकी एक लाखाचा खर्च लावला. सेवाशुल्काची सक्ती ही अनुचित व्यापारी प्रथा. गिऱ्हाइकाला स्वखुशीने टिप द्यायची तर त्याला मोकळीक आहे. संघटनांनी त्यावर अपील केलं आहे, ते चालत राहील. पण आजच्या घडीला बिलावर ‘सर्व्हिस चार्ज १० टक्के’ ही ओळ दिसली तर ती काढायला सांगण्याचा आपला हक्क आहे, आणि ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

हे किती जणांना ठाऊक आहे? जेवण झालेलं असतं, पाहुणे सोबत असतात, बिल फोल्डरमध्ये घालून येतं. दोनशे रुपयांसाठी कोण वाद घालणार? सेवाशुल्क टिकून आहे ते आपल्या या संकोचावर. आणि रक्कम दिसते तेवढीही नसते. समजा जेवणाचे दोन हजार झाले. साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के जीएसटी, म्हणजे बिल २,१०० रुपये. त्यात दहा टक्के सेवाशुल्क घातलं की २,२०० वर कर, बिल २,३१०. म्हणजे सेवेवर कर भरून झाला आणि वेटर अजून बशी घेऊन उभाच आहे, कारण शुल्कातले त्याला किती मिळणार हे त्यालाही माहीत नाही. (दारूचा हिशेब वेगळा, ती जीएसटीबाहेर आहे, आणि गोव्यातलं बिल दारूशिवाय क्वचितच पुरं होतं.)

इथे वेटरची बाजू ऐकली पाहिजे, कारण त्याचं म्हणणं माझ्या म्हणण्याच्या सरळ विरुद्ध जातं. मांद्रेच्या एका शॅकमध्ये, म्हणजे वाळूवर मोसमापुरत्या उभारलेल्या हॉटेलात, एप्रिलच्या उतरत्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तिथल्या एका वेटरने मला सगळा मामला समजावून सांगितला होता. मुलगा ओडिशाचा. ऑक्टोबरमध्ये येतो, मे संपता संपता शॅक मोडले की गावी भात लावायला जातो. राहणं-खाणं मालकाचं; राहणं म्हणजे शॅकच्या मागे ताडपत्रीखाली सहा जण. गल्ल्याच्या खाली प्लास्टिकची बरणी असते. रात्री दीड-दोनला गल्ला बंद झाला की टेबलावरच्या सगळ्या टिपा त्या बरणीतून ओतायच्या आणि वाटायच्या. कॅप्टनला दोन हिस्से, वेटरला एक, बारवाल्याला एक, आतल्या हेल्परला अर्धा. भांडी घासणाऱ्याला? तो जरा थांबून म्हणाला, त्याला सिगारेटचे देतो. मी त्याला विचारलं, टिप बंद करून मालकाने पगार वाढवला तर? तो हसला. मालक वाढवणार म्हणजे कागदावर वाढवणार, आणि मेमध्ये हिशेब करताना त्यातले निम्मे तुटलेले ग्लास, उचल आणि रजा यांत जाणार. टिप त्या रात्रीच्या त्या रात्री हातात येते. तिच्यात मालकाचा हात लागत नाही.

या उत्तराला माझ्याकडे चटकन तोड नाही, हे कबूल केलं पाहिजे. मालकावर भरवसा नसेल तर रोख नोट हीच कामगाराची खरी पगारपत्रिका होते. म्हणून ‘उद्यापासून टिप बंद’ अशी मोहीम कोणी काढली तर मी तिच्यात नसेन. ती मोहीम मालकाला काडीचा त्रास न देता या मुलाच्या ताटातला घास काढून घेईल. पण त्याच्या बोलण्यातून उलटा निष्कर्षही निघतो. मे महिन्यात हिशेब नीट होणार नाही याची त्याला इतकी खात्री आहे, की तो अनोळखी पाहुण्याच्या मूडवर जास्त विश्वास टाकतो. त्यावर इलाज हिशेब नीट करायला लावणं हा आहे. पाहुण्याचा मूड सांभाळत बसून तो हिशेब कधीच नीट होणार नाही.

गोव्यात हा विषय निघाला की कोणीतरी तारवटींचं, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांचं, नाव काढतंच, आणि काढलंच पाहिजे. सासष्टी-बार्देशमधल्या कितीतरी घरांची कौलं जाऊन स्लॅब पडला, पोरांची शिक्षणं झाली, चॅपलला रंग लागला, ते क्रूझ बोटीवरच्या पैशांतून. त्या पैशांत मोठा वाटा टिपेचा. बोटीवर वेटर किंवा केबिन स्टुअर्ड म्हणून आठ-नऊ महिने राबायचं, आणि प्रवाशांच्या ग्रॅच्युइटीतून, म्हणजे टिपेतून, घर चालवायचं. ‘आमच्या बापाने टिपेवर घर बांधलं, आणि तुम्ही शॅकमधल्या पोराला वीस रुपये द्यायला कां-कूं करता?’ असं एका मडगावच्या मित्राने मला सुनावलं होतं. लागलंच मला ते.

पण त्याच घरांत जरा खोलात विचारा. अनेक कंपन्यांत मूळ पगार नाममात्र आणि बाकी सगळं प्रवाशांवर, अशी रचना. बहुतेक क्रूझ कंपन्या आता ग्रॅच्युइटी दर दिवसाला, दर डोई, प्रवाशाच्या बोटीवरच्या हिशेबातच लावतात. म्हणजे टिप नावापुरती राहिली, प्रत्यक्षात तो कंपनीने प्रवाशाकडून परस्पर उकळलेला पगारखर्च झाला. २०२० च्या मार्चमध्ये बोटी थांबल्या, प्रवासी उतरले आणि टिपाही थांबल्या, तेव्हा मूळ पगार किती तुटपुंजा आहे ते घराघरात कळलं. निवृत्त तारवटींसाठी राज्य सरकारला निवृत्तिवेतनाची योजना आणावी लागली, हेही विसरू नये. टिप म्हातारपणाला पुरत नाही. तिच्यावर भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही, ती धरून नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी मोजली जात नाही, आणि बँकेत कर्ज मागायला गेलं तर ती कोणी उत्पन्न म्हणून धरत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हॉटेलांच्या खटल्यात हेच स्पष्ट केलं: कार्डाने दिलेली आणि हॉटेलने पुढे वाटलेली टिप हा पगार नव्हे, म्हणून मालकाने तिच्यावर पगारासारखा टीडीएस कापायची गरज नाही. निकाल करापुरता बरोबरच आहे. पण त्यातली मेख कामगाराने समजून घ्यावी. जी रक्कम पगार नाही, तिच्यावर पगाराचा कुठलाच हक्क उभा राहत नाही. त्याच न्यायालयाने १९७६ मध्ये जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या प्रकरणात मालकाला याच तर्काचं दुसरं टोक दाखवलं होतं. गिऱ्हाइकांकडून येऊन कामगारांत वाटलेली रक्कम मालकाच्या खिशातली नाही, तेव्हा तिच्याकडे बोट दाखवून महागाई भत्ता टाळता येणार नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले, तर टिप आणि पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीने दुसरीची भरपाई होत नाही, एवढं कोणालाही कळेल. हॉटेलवाले सोडून.

ही भरपाई होऊ दिली की काय होतं ते बघायचं तर अमेरिकेकडे बघावं. तिथे संघराज्याच्या कायद्यात किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे, पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून फक्त २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेलं गिऱ्हाइकाने भरायचं. नाही भरलं तर मालकाने भरायचं, असं कायदा म्हणतो. पण आपली टिप कमी पडली असं मालकाकडे जाऊन सांगणाऱ्या वेटरची नोकरी किती दिवस टिकते, हे सांगायला अमेरिकेला जायला नको. काही राज्यांनी ही सवलत बंद केली आहे, सगळ्यांनी नाही. आणि या रीतीचा उगमही उजळ नाही. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांना रेल्वेच्या शयनयानांत आणि हॉटेलांत कामाला ठेवायचं, पगार नावाला, पोट टिपेवर, असा तो धंदा पसरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहा राज्यांनी टिपेवर बंदीही घातली होती. १९२६ पर्यंत ते सगळे कायदे रद्द झाले. आज तिथे वीस टक्के न देता उठलेला माणूस गुन्हेगारासारखा बाहेर पडतो.

उलट, एकट्यादुकट्या हॉटेलने टिप बंद करून भागत नाही, हाही तिथलाच धडा. न्यूयॉर्कमधल्या डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांत टिप बंद केली, किमती वाढवून पगार वाढवले, खूप कौतुक झालं. २०२० मध्ये त्यांना टिप परत आणावी लागली. शेजारच्या हॉटेलचा मेन्यू स्वस्त दिसतो, चांगले वेटर टिपेच्या ओढीने निघून जातात, आणि चांगुलपणा करणारा मालक एकटा पडतो. फ्रान्समध्ये हे जमलं, कारण तिथे सेवा सगळ्यांच्याच किमतीत धरलेली असते. उठताना टेबलावर चार नाणी ठेवली तर ठेवली. म्हणजे नियम सर्वांना एकच असेल तरच ही गोष्ट चालते. मालकाच्या सद्भावनेवर ती सोपवून उपयोग नाही, आणि गिऱ्हाइकाच्याही.

आपल्याकडे हे अशक्य आहे म्हणणाऱ्याला मी फोंड्याच्या बाजारातल्या कुठल्याही जुन्या हॉटेलात सकाळी आठला घेऊन जाईन. टेबलं संगमरवरी फरशीची, चार अनोळखी माणसं एकाच टेबलावर. वाढणारा येतो, ‘कितें जाय?’ विचारतो, वहीबिही काही नाही. पातळ भाजी, मिक्स भाजी, पाव, मिरची, बन्स, च्या. कोणी काय खाल्लं ते त्याच्या डोक्यात. तुम्ही उठलात की तो हॉटेलच्या मधोमध उभा राहून गल्ल्याकडे बघून खणखणीत आवाजात तुमचा आकडा सांगतो, आणि तुम्ही गल्ल्यापाशी पोचेपर्यंत मालकाने तो मांडलेला असतो. टेबलावर वकील असो की मासेवाली, जो आधी आला त्याला पाव पहिला. टिपेची अपेक्षा नाही, म्हणून तोंड बघून वाढणं नाही. भाजी गरम आहे, सेवा कोणत्याही तारांकित हॉटेलाच्या तोंडात मारेल अशी. आता या माणसाचा पगार चांगला असतो का? नसतो. बहुधा तोही कर्नाटकातून आलेला असतो आणि माडीवर झोपतो. जुनं ते सोनं म्हणण्यासाठी मी हे हॉटेल दाखवत नाही. टिपेशिवाय सेवा बिघडते, एवढं एक विधान तिथे एका चहात निकालात निघतं.

शिवाय टिप पुढच्या माणसाला मिळते. गोव्याच्या हॉटेलाचं नाव ज्याच्यावर चालतं ते हुमण करणारी, सुंगटं सोलणारी, तिसऱ्या फोडणारी, मागच्या दारी पाटावर बसून दिवसभर मासळी साफ करणारी बाई बहुतेक वेळा गावचीच असते, आणि तिच्यापर्यंत बरणी पोचत नाही. ‘जेवण फर्स्टक्लास होतं’ म्हणून आपण नोट कोणाच्या हातात देतो? ज्याने ते शिजवलं नाही त्याच्या. वाढणाऱ्याचं श्रेय मी कमी करत नाही. पण चांगल्या कामाला दाद म्हणून टिप, हे म्हणणं स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन अडखळतं.

आणि आता तर नोटच राहिली नाही. २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि सात-आठ वर्षांत शहाळीवालाही क्यूआर कोडवर आला. बिल मोबाइलवरून भरतो, सुटे नसतात, वेटरसाठी वेगळे शंभर त्याच क्यूआरवर पाठवले की ते मालकाच्या खात्यात. तिथून ते खाली उतरतात की नाही हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. काही पोरं स्वतःचा क्यूआर फोनच्या मागे चिकटवून ठेवतात आणि हळूच पुढे करतात. मालकाने बघितलं तर ओरडा. काही ठिकाणी कार्डाच्या मशीनवरच दहा, बारा, पंधरा टक्के असे पर्याय येऊ लागले आहेत, आणि ‘नको’ हे बटण कोपऱ्यात बारीक. मागण्याची ही नवी तऱ्हा जुन्या बशीपेक्षा जास्त निर्लज्ज आहे. बशी निदान गप्प बसायची.

तेव्हा करायचं काय? राज्य सरकारकडे गोव्यात एक हत्यार आहे जे फार राज्यांकडे नाही. शॅक सरकार वाटतं. जागा सरकारची, परवाना सरकारचा, अटी सरकारच्या. २०२३ ते २०२६ या काळासाठीचं धोरण करताना शॅकवर गोव्याचं जेवण, शीत-कडी, मिळालीच पाहिजे असा आग्रह पर्यटन खात्याने धरला, आणि लोकांना तो पटलाही. शीत-कडीची अट घालता येते तर शीत-कडी वाढणाऱ्याच्या पगाराची का नाही? परवानाधारकाने प्रत्येक कामगाराचं नाव नोंदवावं, किमान वेतन दरमहा बँकेत जमा करावं, सेवाशुल्काची ओळ बिलावर दिसली तर पुढच्या मोसमात परवाना विसरावा. टिप आलीच तर ती पूर्ण कामगारांची, स्वयंपाकघर आणि भांडी धरून, आणि वाटणीचा नियम भिंतीवर लावलेला. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून याच धर्तीचा कायदा लागू आहे. तिथल्या मालकाला टिपेतला पैसादेखील ठेवता येत नाही. शॅक पोटभाड्याने दिलेला असेल तर पगार कोणी द्यायचा, असा वाद काढणारे निघतील. पोटभाडं मुळात बेकायदा आहे, तेव्हा हा वाद निघाला तर बरंच.

शॅकवर हे जमलं की आतल्या हॉटेलांना टाळणं कठीण जाईल. किमान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९४८ मध्ये आला आणि गोव्यात हॉटेल-रेस्टॉरंटांना तो लागूही होता; २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली. कमी पडते ती तपासणी. कामगार खात्याचा माणूस मोसमात रात्री अकराला बागाच्या गल्लीत फिरताना कोणी पाहिला असेल तर मला जरूर कळवावं.

तोवर गिऱ्हाईक म्हणून मी एवढं करतो. सेवाशुल्क काढायला लावतो, आवाज न चढवता. रोख दिली तर ‘आत पण द्या’ असं सांगून देतो, आणि ते आत जाईलच असं समजत नाही. न देता उठायचं झालं तर मान खाली घालून उठत नाही. टिप न देणाऱ्या माणसाकडे लाजेने बघण्याची जी सवय आपल्याला लागते आहे, ती मालकांच्या फायद्याची आहे. लाज त्या वाढणाऱ्या पोराला ताडपत्रीखाली झोपवणाऱ्याला वाटली पाहिजे.

दर वाढतील, हा शेवटचा आक्षेप. वाढतीलच. पगार मेन्यूत घातला तर थाळीमागे वीस-तीस रुपये कुठे जाणार नाहीत, आणि ‘गोव्यात आता गोंयकारालाच जेवण परवडत नाही’ अशी बोंब दुसऱ्याच दिवशी उठेल. उठू दे. पावसाळ्यात मासेमारी बंदी लागून इसवण महाग होतो तेव्हाही ती उठते, आणि बोंब मारून झाल्यावर माणूस हात धुऊन पानावर बसतोच.